एकावन्नावा वडा

मामा, कावळ्यानं त्या दिवशी आमची फार पंचाईत केली.

रक्षाविसर्जनाला घाटावर जमलेली सगळी माणसं तासभर तरी थांबायच्या तयारीनं आली होती. तुम्हाला आवडायचं म्हणून प्रत्येकानं काही ना काही आणलं होतं. मिसळ, भेळ, लोणी डोसा, पेलाभर दूध. तुमच्या फौंड्रीतल्या दोस्तांनी तर डब्यातून मटण आणलं. पान मांडून आम्ही नीट मागं सरकलोही नव्हतो, तोवर कावळा आला, मटणाचा तुकडा उचलला आणि गेला. हात जोडून "काय इच्छा असंल ती पुरी करतो" म्हणायची संधीच कुणाला मिळाली नाही. तुमच्या बहिणीला, आत्यांना, तर तो अपमानच वाटला.

"एवढी काय घाई?" पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "जरा तरी आढेवेढे घ्यायचं की!"

"आत्या, आप्पांचं काय राहिलंच न्हवतं," तुमचा लेक विनायक म्हणाला. "समाधानानं गेले."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण सुनेनं घाटावर वाद घालायचा नसतो. पण खरं सांगते, तुम्ही गेल्यापासून घरात कुणाशी भांडावं तेच मला कळेना झालंय. विनायकशी भांडायला गेलं तर तो लगेच "बरं" म्हणतो. त्यात काय राम आहे?

आमच्या चंदगडकडं सासऱ्याला मामा म्हणतात. लग्नाच्या वेळी मला कळलं होतं ते इतकंच, की मामा शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर आहेत. मी आईला सांगितलं, सासरे कपड्यांचे पॅटर्न काढतात, टेलर असावेत. आईनं पहिल्या दिवाळीला तुम्हाला शर्टाचं कापड धाडलं नाही, का, तर शिवणाऱ्याला कापड काय द्यायचं! काजू धाडले. तुम्ही ते महिनाभर खाल्ले आणि मग मला पॅटर्न म्हणजे काय ते समजावलंत. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब करायचा. ते लाकूड वाळूत दाबायचं, काढून घ्यायचं, आणि जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड गार होताना आटतं, म्हणून लाकूड केसभर मोठं करायचं. "सगळी अक्कल त्या केसात हाय," तुम्ही म्हणालात.

निवृत्त झाल्यावर ती अक्कल घरात मोकळी सुटली. कपाटाचं दार तिरकं आहे, पोळपाटाचे पाय एका उंचीचे नाहीत, माझी चपाती एका बाजूला दीड मिलिमीटर जाड आहे. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. त्यामुळं दिवसभराची सगळी मापं माझ्याच वाट्याला. मी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कामाला होते, म्हणून निदान आठ तास सुटका तरी व्हायची. एकदा तिथल्या अडगळीतला गणपतीचा जुना लाकडी ठोकळा तुम्हाला दाखवायला आणला. पूर्वी पत्रिकेवर असल्याच ठोकळ्यानं गणपती उठवायचे. तुम्ही तो उजेडात धरलात.

"ह्याच्या सोंडेला माप न्हाय."

"सोंडेला कसलं माप, मामा?"

"समद्याला माप असतंय. असलं मी डाव्या हातानं करीन."

"मग करा की!"

मी चिडून बोलले होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी सागवानाचा तुकडा घेऊन बसलात. गणपतीच्या वाटेला गेला नाहीत. म्हणालात, "देवाचं चुकलं तर पाप लागंल. मिसळ करतो."

पोस्टकार्डाएवढ्या ठोकळ्यात तुम्ही मिसळीची प्लेट कोरलीत. शेव, कांदा, बाजूला ब्रेडचे दोन स्लाइस, आणि वर दुकानाची पाटी. प्लेट जरा जास्तच मोठी वाटली म्हणून मी विचारलं, तर म्हणालात, "आटायला धरलंय." कागदावरची मिसळ आटत नाही, हे पटवायला मला अर्धा दिवस लागला. मग छापखान्यातली शाई आणून, ठोकळ्यावर कागद ठेवून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाटण्यानं दाबलं. कागद उचलला. मिसळ अशी उठली होती की तोंडाला पाणी सुटावं. फक्त पाटीवरची अक्षरं सगळी उलटी. पॅटर्न सुलटा केला की ओतीव सुलटं येतं. छापताना मात्र ठोकळा उलटा कोरावा लागतो. हे मला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं.

"तू आधी का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

"छापखान्यातली सून कशाला केली मग?"

ते आपलं पहिलं मोठं भांडण. त्यानंतर दोन दिवस चपातीला शाईचा वास येत होता आणि तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत. लाटणं तुमच्याच हातानं खराब झालं होतं ना.

मग सपाटाच लागला. गावात खायला मिळणारी एकेक वस्तू तुम्ही लाकडात आणायला घेतलीत. काळा आणि तांबडा, दोनच रंग. भेळ, मिरचीभजी, उसाचा रस, वडा. माप घेतल्याशिवाय तुम्ही कोरत नव्हता. एका मिसळीच्या दुकानात तुम्ही खिशातून व्हर्निअर काढलंत आणि ब्रेडच्या स्लाइसची जाडी मोजायला लागलात, ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. मालक गल्ल्यावरून उठून धावत आला. चेहरा पांढरा.

"साहेब, कुठल्या खात्याकडनं आलाय?"

"खातं? खायाला आलोय."

"न्हाय, म्हंजे... माप..."

"बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. "फकस्त ह्यो दुसरा जरा बारीक कापलाय."

त्यानं तुमच्यापुढं चार जाड स्लाइस, वाटीभर शेव आणि न मागता ताक आणून ठेवलं. पैसे घेईना. तुम्ही त्याला खरं सांगत होता, त्याला ते खरं वाटत नव्हतं. शेवटी महिन्याभरानं तुम्ही त्याच्या मिसळीचं चित्र नेऊन दिलंत, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

पांढऱ्या रश्श्यानं मात्र तुम्हाला दमवलं. तांबडा एका दिवसात झाला. पण पांढऱ्या कागदावर पांढरा रस्सा उठवायचा कसा? मी म्हटलं, वाटी काढा आणि आत कागद कोरा ठेवा. तुम्ही म्हणालात, "म्हंजे मोकळी वाटी दिली की! गिऱ्हाईक विचारंल, रस्सा कुठं हाय?" मग खाकी कागद आणला, पांढरी शाई आणली. आठवडाभर खपून तुम्ही छापलंत, आणि आपण दोघांनी बघितलं, तर ते हुबेहूब दूध दिसत होतं. धारोष्ण, फेसाळ. तुम्ही कागद लांब धरून, जवळ धरून बघितलात. मग म्हणालात, "खाली 'दूधकट्टा' लिही." कट्ट्यावर समोर म्हैस पिळून पेला भरून देतात ते दूध म्हणून ते चित्र सगळ्यांत आधी संपलं. लोक फेसाचं कौतुक करायचे आणि तुम्ही छताकडं बघायचा.

विकायची कल्पना माझी. मी फोनवर फोटो टाकले आणि माणसं विचारायला लागली. कॉलेजची पोरं पूर्ण संच जमवायच्या मागं लागली. "माझ्याकडं भज्याची दोन आहेत, भेळ देतोस का" अशी अदलाबदल चालायची. तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की अशा चित्रांच्या मोजक्याच प्रती काढायच्या असतात. आपण प्रत्येकाच्या पन्नास काढू, खाली पेन्सिलीनं नंबर घालू, पन्नास झाल्या की ठोकळा बंद.

"बंद म्हंजे?"

"त्यावर आडवी रेघ मारायची. म्हणजे पुन्हा कुणाला छापता येऊ नये. जगभर तसंच करतात."

"आन पन्नास पानं मांडल्यावर एकावन्नावा आला, तर त्याला दारातनं उपाशी धाडायचा?"

"मामा, हे जेवण नाही."

"मग काय हाय? वडाच हाय की."

नंबर घालायला तुम्ही तयार झालात, रेघेला नाही. मीही ताणलं नाही. माळी साहेबांनी ताणेपर्यंत.

माळी साहेब मूळचे इथलेच, नोकरीमुळं पुण्याला गेलेले. प्रत्येक चित्राची एक नंबरची प्रत त्यांनाच हवी असायची. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत ओळीनं लावलेल्या, त्यावर वेगळे दिवे. एकदा गावी आले, सवयीनं रंकाळ्याजवळ शांताक्कांच्या गाड्यावर वडा खायला गेले, आणि तिथून थेट आपल्या घरी. तोंडावरचं तेलही पुसलं नव्हतं. फोन माझ्यापुढं धरला. गाड्याच्या पत्र्यावर, कॅलेंडरच्या शेजारी, चिकटपट्टीनं लावलेलं आपलं वड्याचं चित्र.

"सुजाताताई, ही पन्नासच होती ना?"

"हो."

"मग हे एकावन्नावं कुठून आलं?"

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही चष्मा पुसत होता.

"ते एकावन्नावं न्हवं," तुम्ही शांतपणे म्हणालात. "ते त्रेपन्नावं असंल. एकावन्नावं रिक्षावाल्या बाबूकडं हाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माळी साहेब म्हणाले, अहो लिमिटेड म्हणजे लिमिटेड. तुम्ही म्हणालात, "पावणं, तुमच्या चित्रावर एक नंबर हाय का न्हाय? तो कुणी काढून घेतलाय का? जिचा वडा तिच्याकडं चित्र न्हाय आन पुण्याला हाय, हे कुठल्या कायद्यात बसतंय?"

माणूस रागानं लाल झाला होता, आणि मी घाबरले. माझं नाव, माझा शब्द, एवढी माणसं जोडलेली. मी तुम्हाला न विचारता बोलून गेले, "साहेब, मी रेघ मारून फोटो पाठवते. पहिली वड्यावरच मारते."

ते गेल्यावर तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "सुजाता, चाळीस वर्सं एमआयडीसीत काढली. पॅटर्न कधी कोण फोडत न्हाय. ऑर्डर वीस वर्सांनीबी परत येती. पॅटर्न फोडायला काढले म्हंजे कारखान्याला कुलूप लागलं म्हणून समजायचं." आणि आत गेलात.

मी ऐकलं, आणि तरीही केलं. विनायक तुम्हाला डोळे तपासायला घेऊन गेला होता. भर दुपार होती. मी तुमची पटाशी घेतली, वड्याचा ठोकळा ओट्यावर ठेवला आणि डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात रेघ ओढली. लाकूड फार टणक होतं. मधे दोनदा पटाशी घसरली. फोटो काढला, पाठवला, ठोकळा होता तिथं ठेवला.

तुम्ही आलात ते डोळ्यांत औषध घालून. बाहुल्या मोठ्या झालेल्या, समोरचं माणूसही नीट दिसत नव्हतं. मी मनात म्हटलं, आजचा दिवस तरी गेला. तुम्ही खुर्चीत बसलात आणि सवयीनं हात बाजूला टाकून ठोकळे चाचपलात. वड्यापाशी बोट थांबलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते हळूहळू गेलं.

"सरळबी मारली न्हाईस," तुम्ही म्हणालात.

बस, एवढंच. त्यानंतर तीन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. म्हणजे बोलायचा, पण विनायकच्या मार्फत. मी समोर कप घेऊन उभी, आणि तुम्ही, "विनायक, तिला सांग, चहात साखर कमी हाय." विनायक वळून मला सांगायचा, "साखर कमी आहे." मी म्हणायचे, "त्यांना सांग, डॉक्टरांनी सांगितलंय." एकदा तो आंघोळीला गेलेला असताना तुम्हाला मीठ हवं होतं, तर तुम्ही तो बाहेर येईपर्यंत अळणी आमटीकडं बघत बसलात. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं. माफी मागावी असं रोज सकाळी ठरवायचे. संध्याकाळी छापखान्यातून येईपर्यंत माझाही ताठा परत यायचा, की जगभर करतात ते केलं, मी काय चोरी केली?

आणि मग एका सकाळी, मी कणीक मळत असताना, तुम्ही मागं येऊन उभे राहिलात.

"लोणी कसं दावायचं गं?"

मी वळले नाही. वळले असते तर रडले असते.

"गोळा का वितळलेलं?"

"वितळताना. डोशावर. निम्मं गेलंय, निम्मं ऱ्हायलंय."

"गोळ्याला काळी कड काढा, आणि जिथं वितळलंय तिथं कड सोडून द्या."

तुम्ही हुंकार भरलात आणि गेलात. लोणी डोसा हे तुमचं सगळ्यांत चांगलं चित्र झालं. रेघेचं नाव पुन्हा तुम्ही काढलं नाहीत आणि मीही नाही. मला वाटलं, मिटलं.

तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी माळी साहेबांचा फोन आला. मनापासून हळहळले. मग जरा घुटमळून म्हणाले, आता बाकीच्या ठोकळ्यांचं काय करणार, रेघा मारून घेतल्यात तर बरं, म्हणजे पुढं शंका राहणार नाही. मी "बघते" म्हटलं, आणि तुमची लाकडी पेटी पहिल्यांदा उघडली. ठोकळे कापडात गुंडाळून, ओळीनं. मी आधी वड्याचा काढला. माझी रेघ बघायला.

रेघ नव्हती. मला वाटलं, तुम्ही नवीन कोरला. खिडकीपाशी नेऊन तिरका धरला, तेव्हा दिसलं. माझी वेडीवाकडी रेघ तुम्ही साफ सरळ करून घेतली होती आणि तिच्यात सागवानाची सुताएवढी पट्टी बसवली होती. तेही नस बघून, लाकडाची रेष लाकडाच्या रेषेला जुळवून. वरून वड्याचा खरखरीतपणा पुन्हा कोरला होता. मागं पेन्सिलीनं, कारखान्यात लिहायचा तसं, लिहिलं होतं: "दुरुस्त. चालू." खाली तारीख. मामा, ती तारीख आपण बोलत नव्हतो त्याच दिवसांतली. पहिल्याच आठवड्यातली. म्हणजे विनायकच्या मार्फत मला साखर कमी असल्याचं कळवत होता, तेव्हा तुम्ही मी बिघडवलेलं सगळं नीट करून ठेवलं होतं. आणि मला कळू दिलं नाहीत. एवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही.

काल शांताक्का आल्या. गाड्यावरचं ते चित्र तेलानं पार पारदर्शक झालेलं, हातात घेऊन. दारातच रडल्या. मग म्हणाल्या, "बाई, इचारायला बरं वाटत न्हाय, पर आनखी एक मिळंल का? गिऱ्हाईकं इचारत्यात, म्हातारा कुठं गेला, चित्र कुठं गेलं."

छपाई आजवर तुम्हीच करायचा, मी नुसता कागद धरायचे. काल मी ओट्यावर ठोकळा ठेवला आणि शाई लावली. पहिल्या प्रतीला शाई जास्त झाली.

"आमचा वडा एवढा जळका नसतोय," शांताक्का म्हणाल्या.

दुसरीत कागद सरकला, एकाचे दोन वडे झाले. त्यावर त्या म्हणाल्या, "हे बरं हाय की, प्लेट झाली." तिसरी नीट उठली. पट्टी कुठं बसवली आहे ते मलाही ओळखता आलं नाही. नंबर घातला नाही. त्यांनी ते चित्र पदराखाली धरून नेलं, पावसात पोर न्यावं तसं.

आज सकाळी मी माळी साहेबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. पट्टी, शांताक्का, सगळं. म्हटलं, तुमच्या एक नंबरला धक्का नाही, पण ठोकळा मी बंद करणार नाही, कुठलाच नाही. तुम्हाला पटत नसेल तर चित्रं परत घेते. मी मनाची तयारी केली. मग ते म्हणाले, "ताई, एक विचारू? ती काचेतली मी कधी जवळून बघत नाही हो. दिवे लावून लांबूनच बघायची. मला एक बिननंबरचा वडा द्याल का? स्वयंपाकघरात लावतो. तेल उडालं तर उडू दे."

उद्या तो छापणार आहे. लाटणं वेगळं आणलंय, चपातीचं घेतलेलं नाही.

तर मामा, चुकलं माझं. त्या दुपारी तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि नंतर तीन महिन्यांत एकदा तरी तोंडानं म्हणायला हवं होतं. तसं तुम्ही असताना मी कुठलंही वाक्य सुरू केलं, की पहिल्या शब्दालाच तुम्ही म्हणायचा, "थांब, तुला कळत न्हाय, मी सांगतो." आज पहिल्यांदा माझं वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलंत. मला ते अजिबात आवडलं नाही.